तक्त्यातली सोळावी ओळ

अनुराधा जपानमधल्या कावासाकी शहरात नक्की काय काम करते, हे तिच्या नवऱ्याला चार वर्षं माहीत नव्हतं. कुणी विचारलं तर रविकांत सांगायचा, "ती ना, एका छोट्या फॅक्टरीत पार्टटाइम जाते. वायर गुंडाळते. घरी बसून कंटाळण्यापेक्षा बरं." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि तरी ऐकणाऱ्याला काहीही कळत नसे. रविकांतलाही कळत नव्हतं. कळत नाही, याचाही त्याला पत्ता नव्हता.

रविकांत सॉफ्टवेअर टेस्टर. २००१ साली पुण्याच्या कंपनीने त्याला सहा महिन्यांसाठी जपानला पाठवलं, आणि त्या काळात पाठवलेल्या बहुतेकांसारखे त्याचे सहा महिने काही संपले नाहीत. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढणं हा त्याचा पेशा होता आणि त्यात तो खरोखर चांगला होता. त्यात जपानी ऑफिसात त्याला तक्त्यांचा नाद लागला. तिथे साधी खुर्ची घ्यायची म्हटली तरी आधी तुलनेचा तक्ता होतो. उभ्या रकान्यांत निकष, आडव्या ओळींत पर्याय आणि प्रत्येक चौकोनात एक खूण. उत्तम असेल तर दुहेरी गोल, चांगलं तर गोल, चालण्यासारखं असेल तर त्रिकोण, आणि नाहीच तर फुली. रविकांतने ही पद्धत घरी आणली. राइस कुकर, मुलीची, ओवीची, बालवाडी, भारतात फोन करायचं कार्ड, सगळं तक्त्यातून पास होऊन आलं. एकदा अनुराधाने विचारलं, आमटी कशी झालीय, तर हा म्हणाला, "त्रिकोण." पुढचे दोन दिवस तो दहीभात जेवला.

अनुराधाची गोष्ट जरा मागून सुरू होते. तासगावात एसटी स्टँडच्या मागे तिच्या वडिलांचं, लक्ष्मीकांतरावांचं, मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. द्राक्षबागांवरच्या पंपाच्या मोटारी जळल्या की तिथे यायच्या. जळकी तार उपसून काढायची, नवी गुंडाळायची, वॉर्निश पाजायचं, वाळवायचं. अनुराधा दहा वर्षांची असल्यापासून शाळेतून आली की वडिलांशेजारी वेढे मोजायला बसे. तारेचा ताण डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळतो, हे ते तिला रोज सांगत, आणि रोज सांगितल्यामुळे ती कधी ऐकत नसे. पण बोटं शिकली. तिच्या लग्नाच्या वेळी मात्र लक्ष्मीकांतरावांनी स्थळाच्या माहितीत 'वडिलांचा इलेक्ट्रिकल उद्योग' एवढंच लिहिलं, आणि पाहुणे यायच्या दिवशी मुलीला बोटांना लिंबू चोळायला लावलं. वॉर्निशचे डाग लिंबाने जात नाहीत. पाहुण्यांचं लक्ष पोह्यांकडे होतं, म्हणून निभावलं.

कावासाकीतलं पहिलं वर्ष तिने कचरा शिकण्यात घालवलं. जळणारा कुठल्या वारी, बाटल्या कुठल्या वारी, कागद कसा बांधायचा, आणि चुकलं तर पिशवी तशीच ठेवून तिच्यावर चिकटवलेली चिठ्ठी कशी वाचायची. चिठ्ठ्या वाचता याव्यात म्हणून ती नगरपालिकेच्या जपानी वर्गाला जाऊ लागली, आणि दीड वर्षात घरात येणारा प्रत्येक जपानी कागद तीच वाचू लागली. रविकांतचं ऑफिस दुभाष्यांवर चालायचं, त्यामुळे त्याचं जपानी नमस्कार आणि माफी यांच्या पुढे गेलं नव्हतं.

त्या वर्गाच्या फळ्यावर एक दिवस जाहिरात लागली: बारीक काम, सकाळची वेळ. नांबु लाइनवर दोन स्टेशनं पुढे, गल्लीत, दोन खोल्यांचा कारखाना. मालक हिरायामा-सान सत्तरीचे. पूर्वी ते मोठ्या कंपन्यांना रिलेच्या कॉइल करून द्यायचे. ते काम परदेशी गेलं तेव्हा ते इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपकडे वळले. पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसवलेलं चुंबक आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर गिटारची तार थरथरली की खाली वीज उमटते, तिचा पुढे आवाज होतो. अनुराधाला हे समजायला एक मिनिट लागलं. ही उलटी चालवलेली पंपाची मोटार होती. हिरायामा-सानांनी तिच्या हातात तारेचं रीळ दिलं. तिने तार अंगठा आणि तर्जनीमध्ये धरली, आणि न सांगता डोळे मिटले. म्हातारा हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. "उद्या नऊला," म्हणाला.

जोडीदाराच्या व्हिसावर आठवड्याला अठ्ठावीस तास काम करता येतं. ते अठ्ठावीस तास अनुराधा चार वर्षं तिथे बसली. आधी नुसती तारांची टोकं सोल्डरने डाकली, मग साध्या गिटारच्या गुंडाळ्या केल्या, मग सात तारांच्या. हिरायामा-सानांकडे हा अवघड प्रकार. नेहमीच्या सहा तारांना वर एक जाड, खर्जातली तार जास्त असते, आणि पिकअप जरा मठ्ठ असला की ती तार नुसती घुमते, बोलत नाही. ती बोलली पाहिजे यासाठी पिकअपमधल्या दोन गुंडाळ्यांत मुद्दाम थोडा फरक ठेवायचा आणि ताण अगदी हातावर सांभाळायचा. हे यंत्राला जमत नाही आणि बहुतेक माणसांनाही नाही.

त्या कारखान्यात प्रत्येक नगाच्या तळाशी, तो ज्याने केला त्याचा लाल शिक्का लागतो. आजवर अनुराधाचे नग हिरायामा-सानांच्या शिक्क्याखाली जात होते. स्वतःचा शिक्का मिळवायचे दोनच रस्ते होते, आणि ते म्हाताऱ्याच्या वडिलांपासून ठरलेले. सगळ्यात अवघड प्रकाराचे, म्हणजे आता सात तारांचे, तीन नग बाजारात जावेत आणि त्यातला एकही परत येऊ नये, हा एक. नाहीतर एखाद्या गिऱ्हाइकाने आपणहून लिहावं, की पुढचा नगही याच हातचा हवा. हे दुसरं चाळीस वर्षांत दोनदा घडलं होतं, दोन्ही वेळा हिरायामा-सानांच्याच बाबतीत, त्यामुळे त्यावर कुणी विसंबत नसे. २००७च्या उन्हाळ्यात अनुराधाचे दोन नग गेले, परत आले नाहीत. सप्टेंबरात तिसरा तोक्योतल्या गिटारच्या दुकानात गेला. तिला तो शिक्का हवा होता. आयुष्यात दुसरी कुठली वस्तू तिला इतकी हवीशी वाटल्याचं आठवत नव्हतं, आणि एवढ्याशा रबराच्या तुकड्यासाठी आपला जीव अडकावा याची तिला थोडी लाजही वाटत होती.

इकडे रविकांतने सात तारांची गिटार आणली होती. कॉलेजात तो सहा तारांची वाजवायचा. पाच-सहा वर्षांपूर्वी जपानी पोरांत सात तारांची लाट आली होती. ती ओसरल्यावर पोरांनी गिटारी जुन्या सामानाच्या दुकानांत नेऊन टाकल्या, आणि तिथून एक रविकांतच्या खांद्याला लटकून घरी आली. डिसेंबरात ऑफिसच्या वर्षअखेरच्या पार्टीत वाजवायचं त्याने कबूल केलं होतं. पण खर्जाची तार घुमत होती. दोष पिकअपचा, हे त्याने अर्ध्या तासात शोधलं, आणि मग नवा कुठला घ्यायचा हे शोधायला सहा महिने घेतले. सात तारांना बसणारे पिकअप मुळात मोजके. ते सगळे तक्त्यात चढले: चुंबकाचा प्रकार, रोध, वेढे, खर्जाची स्पष्टता, इंटरनेटवरच्या लोकांची मतं. सहा महिन्यांत त्याने गिटार फारशी वाजवली नाही. तक्ता पूर्ण झाल्याशिवाय वाजवण्यात त्याला अर्थ वाटत नव्हता. चार पिकअप त्याने आणले, बसवले, काढले, आणि टाइप केलेल्या अहवालासकट परत केले. जपानात लोक विकत घेतलेली वस्तू सहसा परत करत नाहीत. 'पटलं नाही तर कारण लिहून परत करा' ही पाटी त्या दुकानाने केवळ सभ्यतेपोटी लावली असावी.

"वायर गुंडाळते" असं ज्या बायकोबद्दल तो सांगत असे, ती त्याच खोलीत, त्याच्या तक्त्याच्या मागे इस्त्री करत असायची. तिला त्यातलं काही विचारावं असं त्याला सुचलं नाही. तिने एकदा विषय काढून पाहिला. "हाताने गुंडाळलेले घेऊन बघ ना."

"हाताने म्हणजे कन्सिस्टन्सी नाही," तो मान वर न करता म्हणाला. "हॅन्डवाउंडला मी सरळ फुली देतोय."

तरीही सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी दुपारी तो काखेत एक करडा खोका घेऊन आला. दुकानदाराने, बहुधा पाचव्या अहवालाच्या धास्तीने, हा नेऊनच बघा म्हणून त्याच्या गळ्यात मारला होता. "वेबसाइट नाही, डेटाशीट नाही, काही नाही. पण म्हटलं, ओळ भरून टाकू." तक्त्यातली ती सोळावी ओळ होती. त्याने नग बाहेर काढला आणि अनुराधाच्या हातातली पळी तशीच राहिली. गुंडाळीवरच्या कापडी पट्टीचं टोक दुमडून आत खोचलेलं होतं. हिरायामा-सान टोक कापतात. खोचायची पद्धत तासगावची.

तळाशी म्हाताऱ्याचा शिक्का होता, आणि रविकांतने तो पाहिलासुद्धा नाही.

तिने तेव्हाच सांगितलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. तो म्हणाला असता, अरे वा, आणि घरचं म्हणून नग ठेवून घेतला असता, आणि तिला शिक्का मिळाला असता. नेमकं तेच तिला नको होतं. हा माणूस कुणाचीही भीड न ठेवता फुली मारतो. त्याच्याकडून गोल मिळाला तर तो खरा गोल असेल. तिने पळी आमटीत फिरवली आणि गप्प बसली.

रविकांतने डाकणी तापवली, पिकअप बसवला आणि वाजवलं. आवाज नाकात बोलल्यासारखा आला, किरटा, आणि मागे घूंऽऽ अशी गुणगुण. अनुराधाला स्वयंपाकघरातूनच कळलं. दोन गुंडाळ्या एकमेकींना काटतायत. कुठलीतरी तार उलटी जोडलीय. तेवढ्यात ओवी रद्दी बांधायला मदत करायची म्हणून कागद गोळा करत आली, आणि तिच्या हातात वर होतं खोक्यातलं पत्रक. कुठल्या रंगाची तार कुठे जोडायची याचं. जपानीतून, अनुराधाच्याच अक्षरातलं. ते रद्दीत गेलं होतं.

तिने ते रविकांतसमोर ठेवलं. "यात तारा कशा जोडायच्या ते लिहिलंय. वाचून दाखवू?"

"नको गं. कलर कोड स्टँडर्ड असतो. फोरमवर डायग्राम आहे माझ्याकडे."

"काळी आणि पांढरी एकत्र जोड म्हणतायत."

"लाल आणि पांढरी. सगळे अमेरिकन तेच करतात," असं म्हणून त्याने सोळाव्या ओळीत तीन फुल्या मारल्या. मग त्याने अहवाल लिहिला. दोन पानी, मुद्देसूद, इंग्रजीत. आवाज किरटा. गुणगुण जास्त. दोन गुंडाळ्यांचा रोध जुळत नाही, यावरून कारागीर निष्काळजी आहे असं दिसतं. हे शेवटचं वाक्य त्याने ठळक केलं. "अनु, मागच्या वेळी त्यांना इंग्रजी झेपलं नव्हतं. तू जरा जपानीत करून देशील का?"

अनुराधाने करून दिलं. एकही शब्द सौम्य केला नाही. 'निष्काळजी'साठी जपानीत दोन शब्द आहेत. तिने त्यातला जास्त कडक निवडला, कारण मुळात तोच अर्थ होता. लिहिताना तिला रडू येईल असं वाटलं होतं. आला राग, आणि रागाच्या भरात अक्षर फार सुरेख आलं.

गुरुवारी दुकानातून तो नग आणि ते कागद कारखान्यात आले. गिऱ्हाइकाचं नाव न कळवण्याची दुकानाची रीत होती. हिरायामा-सानांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, नग तपासला, तारांच्या टोकांवरचं डाक पाहिलं आणि म्हणाले, "लाल आणि पांढरी जोडली होती." मग कागद अनुराधापुढे सरकवले. "उत्तर लिहा. फरक मुद्दाम ठेवलेला आहे, तेही लिहा. आणि पत्रकात यापुढे इंग्रजीही घाला. गिऱ्हाइकाला वाचता आलं नाही ही आपली चूक."

"म्हणजे हा परत आलेला धरायचा?"

"परत आला," हिरायामा-सान म्हणाले. म्हणजे आधीचे दोनही बाद, पुन्हा एकापासून. ती घरी परतताना नांबु लाइनमध्ये उभ्याने रडली, आणि समोर बसलेल्या बाईने सभ्यपणे झोपेचं सोंग घेतलं.

उत्तरासह नग दुकानातून रविकांतकडे आला. त्याने पाकीट फोडून कागद अनुराधापुढे धरला. "वाच जरा, काय सफाई देतोय." तिने आपलं स्वतःचं पत्र त्याला वाचून दाखवलं. काळी आणि पांढरी. फरक मुद्दाम, खर्जासाठी. तसदीबद्दल दिलगीर आहोत. रविकांतने कुरकुरत तारा सोडवल्या आणि पुन्हा जोडल्या.

आणि खर्जाची तार बोलली. जाड, स्वच्छ, एकेक सूर सुटा. रविकांतने हात थांबवला, पुन्हा वाजवलं. मग तो दीड तास उठलाच नाही. तक्ता उघडा पडून राहिला आणि तो नुसता वाजवत बसला, सहा महिन्यांत पहिल्यांदा. संध्याकाळी त्याने सोळाव्या ओळीतल्या फुल्या पुसल्या आणि सगळीकडे दुहेरी गोल घातले, वेढ्यांचा आकडा अंदाजाने लिहून.

"याला म्हणतात काम," तो जेवताना म्हणाला. "पिढ्यान् पिढ्या करत असणार हे लोक. आपल्याकडे असा हात बघायला मिळणार नाही. आपल्याकडे काय, मोटार जळली की कशीबशी गुंडाळायची आणि द्यायची."

अनुराधाने त्याला आणखी भात वाढला, जरा जास्तच.

"गिटारच्या नेककडचा दुसरा पिकअपही यांचाच घेतो. अनु, एक पत्र लिही ना. लिही, की हा नग ज्या कारागिराने केला, पुढचाही त्याच्याच हातचा हवा." अनुराधाचं पेन थांबलं. तिने सुचवलं नव्हतं. तिला सुचवायचं धाडसही झालं नसतं. रविकांतला ती थांबली म्हणजे घाबरली असं वाटलं. "अगं, स्पष्ट लिहायचं. आणि खाली टाक, की कुणा शिकाऊ पार्टटाइम माणसाच्या हातचा पाठवू नये."

तिने तेही लिहिलं.

हिरायामा-सानांनी ते पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या ओळीवर त्यांचे खांदे हलले, आवाज मात्र आला नाही. "तुमच्या यजमानांचं जपानी अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले. "पहिल्या वेळेपेक्षा शांत आहे."

अनुराधाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"पत्रकं तुम्हीच लिहिता. अक्षर ओळखणार नाही का मी? आणि घरी सात तारांची गिटार आल्याचं ओवीने उन्हाळ्यात सांगितलं होतं."

"मग हे पत्र धरता येणार नाही."

"त्यांना माहीत असतं तर धरलं नसतं." त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "ज्याला माहीत आहे, तो हे लिहील का?" आणि ते दुपारीच टोपी घालून शिक्केवाल्याकडे गेले.

नेककडचा नग नोव्हेंबरात आला. रविवारची दुपार होती. अनुराधा मुळा किसत होती, ओवी जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. रविकांतने खोका उघडला, पत्रक आधी बाजूला काढून ठेवलं, एवढा शहाणा तो झाला होता. मग नग पालथा केला. पांढऱ्या कागदी पट्टीवर लाल गोल शिक्का होता आणि त्यात दोन कताकाना अक्षरं. परदेशी नावं या लिपीत लिहितात, एवढं त्याला ठाऊक होतं.

"आ... नु," त्याने लावून वाचलं. "म्हणजे जपानी नाहीच हा माणूस. कोण असेल?"

"ओकासान नो हांको," ओवी चित्रातून मान न काढता म्हणाली. आईचा शिक्का. ती दोन वर्षं सुट्टीत कारखान्यात जात होती आणि घरी येऊन सगळं सांगत होती, जपानीत. बाबाला कळत नाही हे तिला माहीत होतं. बाबाला कळायला हवं होतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

रविकांतने शिक्क्याकडे पाहिलं, मग अनुराधाच्या बोटांकडे. लग्नाला नऊ वर्षं झाली होती.

"पहिलाही?"

"पहिलाही."

"आणि तो रिपोर्ट..."

"दोन ठिकाणी तुझं इंग्रजी चुकलं होतं. ते सुधारून भाषांतर केलं."

"आधी सांगायचंस ना मग."

या क्षणाची तिने दीड महिना वाट पाहिली होती. मजा येईल असं वाटलं होतं. पण आता तिला फक्त वाईट वाटत होतं, आणि ते लपवायचा तिला कंटाळा आला. "चार वर्षांत एकदा विचारलं असतंस, काय करतेस तिथे, तर सांगितलं असतं," ती म्हणाली. "वाट बघत होते मी."

रविकांतने नग हलकेच खाली ठेवला. लॅपटॉपवर तक्ता उघडाच होता. त्याने, ऑफिसात अगदी वरच्या माणसाशी बोलताना यायचा तसल्या आवाजात विचारलं, "एका गुंडाळीत किती वेढे असतात?"

अनुराधाने मुळा खाली ठेवला आणि पंच्याला हात पुसले.

"तुझ्या तक्त्यात लिहिलेत ते चूक आहेत," ती म्हणाली. "सरक तिकडे."